माहेरचं पाणी

माझी आजी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, तळाशी गेलेल्या एका गावची लेक. निजामाच्या काळात बैलगाडीतून ती घनसावंगीत नांदायला आली. वाट दोन दिवसांची. न्यायला मुराळी आला तर वर्षातून एकदा माहेर दिसायचं. बाकीचं माहेर जात्यावर. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की तिच्या ओवीत भाऊ यायचे, वेशीतला पार यायचा, गोदाकाठची वांग्याची वाडी यायची. हे मला थोरल्या आत्यानं सांगितलं. तिचं बालपण त्या घरघरीतच गेलं.

1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. मधल्या वर्षांत शंभरावर गावं उठली. आजीच्या भावांनी घराचे खांब, तुळया, कवाडं काढून गाडीत घातली. जातं जड, ते अंगणातच राहिलं. त्यानंतर आजीनं गावाचं नाव असलेली एकही ओवी म्हटली नाही, असं आत्या सांगते. तोंडात राहिला एकच अभंग, पंढरीला माहेर म्हणणारा, पैठणच्या एकनाथांचा.

या अभंगाचं मला फार नवल वाटतं. नाथ गोदाकाठचे; 1599 साली देहही गोदेतच ठेवला. त्यांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून विठ्ठलमूर्ती पंढरपुरी परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. अशा घरातला हा पुरुष, आणि त्याच्या तोंडी माहेर! विठोबा-रखुमाईत आईबाप, पुंडलिकात भाऊ, चंद्रभागेत बहीण, असं सगळं गोत त्यांनी सासुरवाशिणीच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणूनच हा अभंग बायकांना आपला वाटला असणार. आजीनं पंढरी एकदाच पाहिली होती, तीही गर्दीत, लांबून कळसाला हात जोडून. पण जिथून कुणी उठ म्हणणार नाही, असं दुसरं गाव तिच्यापाशी उरलं नव्हतं.

पुढे घरात रेडिओ आला. त्यावर भीमसेन जोशींच्या आवाजात तोच अभंग लागला की थापत असलेली भाकर काठवटीत तशीच राहायची. हात पिठाचे, तवा धुरावलेला. आत्या ओरडायची, तरी आजी उठत नसे.

आणि एके दिवशी नाथसागराचं पाणी आणणारा पैठणचा डावा कालवा आमच्या तालुक्यात आला. पहिलं पाणी सुटलं तेव्हा सगळा गाव बघायला लोटला. माणसं उसाचे हिशेब करत होती. आजी हळदीकुंकू घेऊन गेली. गढूळ पाणी ओंजळीत घेऊन तिनं डोळ्यांना लावलं.

"मुराळी आला गं," ती आत्याला म्हणाली. "पण कुठं नेईल आता?"

दिवेलागणीपर्यंत दोघी काठावर बसून होत्या.