मिरवणूक, बॅगपाइप आणि मुळाक्षरे

बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला का, असा प्रश्न सीमेपलीकडचे बांधव नेहमी करतात. त्यांच्याकडे ती 19 फेब्रुवारीस होते. जुन्या परंपरेत महाराजांचा जन्म शके 1549च्या वैशाखातला मानीत. लोकमान्यांनी 1916 साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. पुढे महाराष्ट्र शासनाने तिच्यावरून निघणारी इंग्रजी तारीख स्वीकारली. बेळगावने मात्र वैशाख सोडला नाही. इतिहास म्हणून फाल्गुनाची नोंद अधिक विश्वसनीय, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मध्यवर्ती प्रदेशात लोपलेले शब्दरूप कडेच्या बोलीत टिकून राहावे, तसे येथे एका तिथीचे झाले आहे.

यंदा चित्ररथांच्या मिरवणुकीचा सबंध दिवस शहरात काढावयाचा, असे ठरवून सकाळीच कंग्राळीहून निघालो. आमच्या गावाच्या नावातही इतिहास आहे. कंग्राळी दोन, बुद्रुक आणि खुर्द. ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरले आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटे, हे फारसी शब्द मराठी दप्तरांत रुळून गावोगावच्या नावांना चिकटले. आता पाट्यांवर त्यांचे नुसते ‘बी. के.’ आणि ‘के. एच.’ उरले आहे. ही अक्षरे कशाची, असे गावातल्या मुलांना विचारून पाहावे.

शहराकडे येताना छावणीच्या बाजूने बॅगपाइपचे सूर ऐकू आले. बेळगावच्या कानाला ते नवे नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे आहे, आणि छत्रपतींच्या नावाचा रणघोष करणाऱ्या या पलटणीने स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातले वाद्य केव्हाच आपलेसे केले आहे. तशी त्या देशाशी आपली गाठ जुनीच. 1818 साली पेशव्यांच्या शिबंदीकडून बेळगावचा किल्ला घेणारा टॉमस मन्रो ग्लासगोचा, आणि 1826 साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापणारा ग्रँट डफ बान्फचा. दिवसभर ते सूर कानात राहिले आणि मन पुनःपुन्हा त्या देशाकडे जात राहिले.

स्कॉटलंडच्या वायव्येकडील डोंगराळ भागाची भाषा गेलिक. 1746 साली कलोडनच्या लढाईत तेथील बंडखोर टोळ्यांचा मोड झाल्यावर इंग्रज सरकारने त्यांचा चौकड्यांचा पोशाख कायद्याने बंद केला. तो कायदा 1782 मध्ये उठला. सूट होती ती सरकारी फौजेतील डोंगरी पलटणींना. पुढे 1822 साली राजा एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याच पोशाखाचा असा काही थाट उभा केला की कालचा निषिद्ध वेष साऱ्या देशाचे भूषण ठरला. 1848 मध्ये राणी व्हिक्टोरिया ब्रेमारच्या मेळाव्याला गेली. लाकडी सोट फेकण्याच्या आणि नाच-वादनाच्या त्या स्पर्धा आज स्कॉटिश माणूस जेथे जेथे गेला तेथे भरतात.

आणि भाषा? 1872 साली स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचे झाले. त्या कायद्यात गेलिकचा साधा उल्लेखही नव्हता. बंदी घालावी लागली नाही, नुसते वगळणे पुरले. 1891च्या जनगणनेत अडीच लाखांवर लोक गेलिक बोलत होते. 2011 मध्ये ते सुमारे 57 हजार उरले. (2022 मध्ये आकडा 70 हजारांच्या जवळ गेला, त्यामागे गेलिक माध्यमाच्या शाळांचा मोठा वाटा आहे.) पोशाख जगभर गेला, वाद्य बेळगावपर्यंत आले, भाषा घरातून गेली. उत्सव मोठा होत असतानाच हे घडले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

दुपारी एका गल्लीत चित्ररथाची तयारी पाहत बसलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा बुरूज उभा राहत होता, आग्र्याहून सुटकेचा प्रसंग होता. मिठाईच्या पेटाऱ्यात शिरावयाचा संभाजी नऊ-दहा वर्षांचा. त्याचे संवाद खणखणीत होते, ‘आबासाहेब’ या शब्दावरचा आघात तर कसलेल्या नटासारखा. एके ठिकाणी अडखळला तेव्हा त्याने खिशातून चिठ्ठी काढली. संवाद सगळे मराठी, अक्षरे सगळी इंग्रजी.

“देवनागरी वाचता येत नाही काय?” मी विचारले.

“थोडं थोडं येतंय, काका. शाळेत मराठी नाही,” तो म्हणाला.

त्याच्या वडिलांनी खाली मान घातली. मराठी शाळा गल्लीपासून लांब नव्हती. पण आईवडिलांनी मुलासाठी दुसरी निवडली होती, त्याची कारणे त्यांनी सांगितली आणि ती खोटी नव्हती. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावर हिंडलग्यात गोळीबार झाला, त्याला चाळीस वर्षे होत आली. सक्तीशी कसे लढावे हे आम्हाला ठाऊक आहे. जेथे सक्ती नाही, नुसते वगळणे आहे, आणि तेही आमच्याच हातून, तेथे मोर्चा कोणावर न्यावयाचा?

रात्री नरगुंदकर भावे चौकात पाय ठेवावयास जागा नव्हती. ढोल-ताशे, झांज, लेझीम, एकामागून एक ट्रॉल्या. पहाटे कधीतरी तो पेटारा समोरून गेला. तत्पूर्वी संध्याकाळी गल्लीतच बसून मी त्याचे संवाद मोठ्या अक्षरांत देवनागरीत उतरून दिले होते. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्याने ते दोनदा वाचले. ‘ज्ञ’पाशी थांबला, तो सांगावा लागला. धाकट्या बहिणीसाठी आणखी एक प्रत मागितली, तीही लिहून दिली.