उंबऱ्याआतले मूल
कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारे वसतिगृह काढले. सातारा-सांगलीकडील आम्हा कष्टकऱ्यांच्या घरी अक्षर आले ते या वाटेने. परंतु ज्याचे हात वळत नाहीत, जीभ साथ देत नाही, असे मूल बहुधा उंबऱ्याआतच राहिले. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे आपण धरून चाललो.

या समजाला १९७२ साली मुंबईत मिथू अलूर यांनी धक्का दिला. कन्या मालिनी हिला मेंदूचा पक्षाघात. आईने अशा मुलांसाठी शाळाच काढली. पुढे मालिनी चिब सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या. एका बोटाने टंकून लिहिलेले त्यांचे आत्मवृत्त २०११ साली प्रसिद्ध झाले.

२०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ यांचीही तरतूद केली. संघटनेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस एवढे ठाऊक आहे, की मागितल्यावाचून हक्क पदरात पडत नाही. येथे तर मागणाऱ्यालाच वाचा नाही. तेव्हा चित्रांची पाटी त्याच्यापुढे धरावी, आणि त्याची नजर वा बोट उत्तरावर पोहोचेपर्यंत आपण थांबावे.