चयापचय व शरीराचे वजन

अन्नापासून ऊर्जा मिळवणाऱ्या आणि शरीराची बांधणी व झीज घडवणाऱ्या सर्व रासायनिक क्रियांना मिळून चयापचय म्हणतात. बैठे जीवन जगणाऱ्या माणसाच्या रोजच्या ऊर्जाखर्चापैकी ६० ते ७० टक्के खर्च नुसते पडून राहिले तरी होतो, कारण हृदय, मेंदू, यकृत यांचे काम थांबत नाही. सुमारे १० टक्के खर्च अन्न पचवण्यात व बाकीचा हालचालीत होतो.

‘माझं खाणं फार नाही, पण मेटाबॉलिझमच मंद आहे,’ असे पुष्कळांना वाटते. मोजमाप मात्र वेगळे सांगते. मोठे शरीर चालवायला ऊर्जाही जास्त लागते, त्यामुळे लठ्ठ व्यक्तीचा एकूण ऊर्जाखर्च सडपातळ व्यक्तीपेक्षा सहसा अधिकच भरतो. थायरॉइड मंदावल्याने वजन वाढते हे खरे, पण ती वाढ बहुधा थोडी असते आणि तिच्यात क्षार व पाण्याचा वाटा मोठा असतो.

न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ साली अशा १० जणांची तपासणी केली, ज्यांचे म्हणणे होते की १२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही. त्यांना हायड्रोजन व ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेले पाणी पाजले. हे दोन्ही शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यातील फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला, आणि त्यावरून ऊर्जा किती खर्ची पडली, हे कळते. चयापचय अपेक्षेइतकाच निघाला. खाण्याची नोंद रोज सरासरी १,०२८ कॅलरींची होती, प्रत्यक्षात पोटात २,०८१ जात होत्या. याला लबाडी म्हणणे अन्यायाचे आहे. येताजाता तोंडात टाकलेले आणि भाजीवर पडलेले तेल कुणाच्याच हिशेबात नीट येत नाही.

म्हणजे पारडे खाण्याकडे झुकते. पण भूक किती लागावी हे माणूस स्वतः ठरवत नाही. वजनाशी निगडित म्हणून २००७ मध्ये पुढे आलेल्या एफटीओ जनुकाचा विशिष्ट प्रकार आईवडील दोघांकडूनही आलेल्या प्रौढांचे वजन सरासरी ३ किलोने जास्त आढळले, आणि तो मुख्यतः भुकेच्या वाटेने काम करतो. जादा खाल्लेले अंगी लागण्यातही माणसामाणसांत फरक असतो. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ जणांना ८ आठवडे रोज १,००० कॅलरी जादा दिल्या. कुणाची चरबी ०.३६ किलो वाढली, तर कुणाची ४.२३ किलो. चुळबुळ, उठबस, येरझाऱ्या अशा नकळत होणाऱ्या हालचाली ज्यांच्या वाढल्या, त्यांना चरबी कमी चढली.

चयापचयाची अडवणूक खरी जाणवते ती वजन उतरवल्यावर. ‘द बिगेस्ट लूजर’ या वजन घटवण्याच्या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च सहा वर्षांनंतरही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. कमावलेले बारीकपण टिकत नाही म्हणून अशा माणसाला आळशी ठरवणे चूक आहे.

वजनकाटा चरबी किती हेही सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन एस. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.