काचेतील स्मृती : वैमानिकांच्या खिडक्या आणि कुलाब्याचे अफगाण चर्च

डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयामुळे मिरजेला ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांची ओळख शतकाहून जुनी आहे. मात्र चर्चची रंगीत काचेची खिडकी हे युद्धात पडलेल्यांचे स्मारकही असू शकते, ही बाब आपल्याकडे फारशी परिचित नाही.

या काचेवर रंग वरून फासलेला नसतो. वितळलेल्या काचरसात धातूंची संयुगे मिसळून तो आणला जातो : कोबाल्टने निळा, तांबे किंवा सोन्याने लाल. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या व अक्षरे मात्र काचमिश्रित गडद रंगाने रेखून भट्टीत भाजतात आणि सारे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत सांधतात. शिसे मऊ असल्याने काही पिढ्यांनंतर ते वाकते आणि खिडकी उतरवून पुन्हा सांधावी लागते. दगडी स्मारक दुर्लक्ष सोसते, काचेचे सोसत नाही.

वैमानिकांसाठी हे माध्यम विशेष वापरले गेले. समुद्रावर किंवा शत्रूच्या प्रदेशात विमान कोसळले, की अनेकदा देहच हाती लागत नसे. कबरच नाही, तर कुटुंबीयांनी जावे कुठे? लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत सातव्या हेन्रीच्या चॅपेलच्या पूर्व टोकाला ह्यू ईस्टन यांनी रेखाटलेली खिडकी आहे. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधील मृतांच्या स्मरणार्थ केलेल्या या खिडकीचे अनावरण राजे सहावे जॉर्ज यांनी १० जुलै १९४७ रोजी केले. तिच्यात लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनांची चिन्हे आहेत. १,४९७ मृतांची नावे मात्र वेगळ्या स्मृतिग्रंथात आहेत. बॉम्बने पडलेले भिंतीतील एक छिद्र बुजवले नाही, त्यावर काच बसवून ते तसेच राखले आहे. आमच्या मते, खिडकीइतकेच बोलके स्मारक तेही आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर होते. २३ व्या स्क्वाड्रनचे ‘डॉल्फिन’ विमान घेऊन २७ जून १९१८ रोजी ते निघाले, ते परतले नाहीत. ३० जून रोजी जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधील हँगार्ड येथील युद्धस्मशानभूमीत त्यांची कबर आहे. महाराष्ट्रात हे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात युद्धस्मृती आणि रंगीत काच यांचा संगम पाहायचा, तर कुलाब्याच्या नेव्हीनगर परिसरातील सेंट जॉन चर्च, म्हणजेच अफगाण चर्च, गाठावे. येथील स्मृती वैमानिकांच्या नव्हेत, विमानापूर्वीच्या काळातील सैनिकांच्या आहेत. पहिले अफगाण युद्ध व सिंधची मोहीम यांतील मृतांसाठी हे चर्च बांधले गेले. वास्तुरेखन हेन्री कॉनिबेअर यांचे, आतील सजावट विल्यम बटरफिल्ड यांची. १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले. सुमारे १९८ फुटी मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. पूर्वेच्या व पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांची काच न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातून आली. पश्चिमेची खिडकी उन्हे कलताना पाहावी.

त्यानंतर वेदीजवळील स्मृतिलेख वाचावा. अधिकाऱ्यांची नावे तेथील भिंतींवर कोरलेली आहेत. साध्या सैनिकांची संख्या इतकी मोठी, की त्यांची नावे नोंदवता येत नाहीत, असे तो लेखच सांगतो. तलवारीने पडलेल्यांबरोबर रोगराईने मेलेल्यांचाही उल्लेख त्यात आहे.