मोटारीचे अलंकार आणि वारा

जबलपूर म्हटले की मनापुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा धबधबा उभा राहतो. परंतु या नगरीचा आणखी एक लौकिक आहे, आणि तो लोखंडाचा आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. १९६९ साली लष्करी वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. येथूनच ‘जोंगा’ ही गाडी सैन्यात गेली. मूळ घडण जपानच्या निस्सान कंपनीची. नाव मात्र ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांवरून पडलेले. १९९९ पर्यंत ती तयार होत होती.

जोंगाचे बाह्यांग पाहावे. सपाट पत्रा, उभी काच, वर कापडी छत. शोभेची पट्टी नाही की झिलई नाही. वाऱ्याला वाट करून देण्याचाही खटाटोप तिच्यात दिसत नाही. याचे कारण तिच्या कामात आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट. चिखलातून, वाळूतून आणि डोंगरवाटांनी संथपणे जाणाऱ्या गाडीचा खरा वैरी वारा नव्हेच.

याच्या उलट टोकाला आपण मुंबईच्या रस्त्यावर जाऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची झाली. तिच्या पाठीमागे, लाल दिव्यांच्या वर, दोन लहान कल्ले उंचावलेले असत. ती फॅशन अमेरिकेची. १९४८ च्या कॅडिलॅक गाडीवर लढाऊ विमानाच्या शेपटीची नक्कल करून ती आली आणि १९५९ पर्यंत तिचा अतिरेक झाला. दिसायला विमानाचे शास्त्र, प्रत्यक्षात निव्वळ दागिना!

मग मोटारीच्या पाठीवरचे सारेच उंचवटे दागिने समजावेत काय? तसे नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्श कंपनीने ‘९११ कॅरेरा आर.एस.’ ही शर्यतीच्या जातीची गाडी मांडली. तिच्या मागील झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा एक उंचवटा होता. अनेकांना तो विक्षिप्त वाटला. परंतु या गाडीची पाठ गोलाकार उतरती असल्याने वारा तिला चिकटून वेगाने खाली वाहतो, तेथील दाब घटतो आणि भरवेगात गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊ लागतो. चाकांची पकड सुटते. त्या शेपटीने वाऱ्याचा हा ओघ मोडला आणि उचल एक तृतीयांशाहूनही कमी केली. अशा वारामोड्या उंचवट्यास आज आपण ‘स्पॉयलर’ म्हणतो. लक्षात घ्यावे की, याच गाडीच्या सर्वांत हलक्या प्रकारात वजन वाचविण्यासाठी नाकावरचा धातूचा बिल्लासुद्धा काढून चिकटवायचे चित्र लावले होते. दागिना उतरविला गेला आणि दागिन्यासारखी दिसणारी वस्तू राहिली!

१९७३ ची बीएमडब्ल्यूची ‘३.० सी.एस.एल.’ याहून मौजेची. तिचा मागचा पंख जर्मनीच्या सार्वजनिक रस्त्यांवर बेकायदा ठरत असल्याने तो सुटा करून डिकीत ठेवून ग्राहकाला दिला जाई. शर्यतीत जी वस्तू आवश्यक होती, ती कायद्याच्या दृष्टीने आगंतुक होती.

तात्पर्य असे की, गाडीच्या बाह्यांगावरील वस्तू उपयोगाची की शोभेची, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ती कोणत्या वेगासाठी, कोणत्या वाटेसाठी, कोणत्या नियमाखाली घडली, हे विचारावे लागते. या अर्थाने मोटारीचा पत्रा हा ताम्रपटासारखाच एक लेख आहे.

आज हा विचार जबलपूरला अगत्याचा आहे. सैन्याने निकाली काढलेल्या जोंगा लिलावात खाजगी हाती गेल्या. आपल्या नियमांनुसार लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांनाच राखून ठेवलेला असल्याने नव्या मालकास रंग बदलावाच लागतो. पण पुढे हौसेने चकाकते बंपर, फुगीर चाके आणि नाना तऱ्हेचे दिवे चढविले जातात, ती सक्ती कोणाची नसते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांतही गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. म्हणजे मूळ पत्र्याला पुराव्याचे मोल आहे, हे शासनानेही मानले.

संथ वाटेच्या गाडीवर वेगाची शेपटी लावल्याने ती वेगवान होत नाही. ती कशासाठी जन्मली, एवढे मात्र पुसले जाते. पोर्शची शेपटी जशी तिच्या वेगाची साक्ष आहे, तसा जोंगाचा बोडका पत्रा तिच्या श्रमाची साक्ष आहे. जबलपूरच्या कामगारांचे हे हस्ताक्षर आहे. त्यावर गिरवू नये.