पोत्यावरचे गाव

यशवंतपूर हे नाव ऐकले की मराठी कानाला ते सातारा-कोल्हापूरकडचे एखादे गाव वाटते. प्रत्यक्षात ते बंगळुरूच्या वायव्येचे गजबजलेले उपनगर आहे. रेल्वे स्थानक, मेट्रो, कारखान्यांच्या जुन्या भिंती आणि कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार. कांदा, बटाटा आणि लसूण यांच्याबरोबर इथे वाळलेली मिरचीही येते. या शहरात राहून घरी वर्षाचे तिखट कुटून घेणारी मराठी कुटुंबे अजून आहेत, माझे त्यातलेच एक. त्यामुळे दर उन्हाळ्यात मिरचीच्या नावांशी माझा संबंध येतो.

आपल्याकडे सुकी मिरची गावाच्या नावाने विकली जाते. ब्याडगी, गुंटूर, संकेश्वरी, भिवापुरी. गिऱ्हाईक गाव सांगते, दुकानदार गाव दाखवतो. पण ‘ही ब्याडगी कुठली?’ असे विचारले तर प्रश्न वेडगळ वाटत नाही. ब्याडगी म्हणून विकली जाणारी मिरची बळ्ळारी किंवा रायचूरची असू शकते, आंध्रातल्या कर्नूल किंवा गुंटूर भागातलीही असू शकते. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी या छोट्या शहराने मिरचीला नाव दिले, आणि ते नाव आता त्या शहरापेक्षा कितीतरी मोठ्या प्रदेशात पिकते. याला फसवणूक म्हणायचे की व्यापार, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला आहे. त्याचे उत्तर शोधताना मिरचीच्या नावांच्या इतिहासात फार मागे जावे लागते, कारण या फळाचे पहिले नावच उसने आहे.

मिरची अमेरिका खंडातली. कोलंबस मिऱ्याच्या शोधात निघाला होता. त्याला वेगळेच तिखट फळ मिळाले आणि युरोपने त्याला मिऱ्याचेच नाव चिकटवले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर हे फळ गोव्यात उतरले. गोव्यात त्याला ब्राझीलमधल्या बंदराच्या नावावरून पेर्नांबूक मिरची म्हणत, तर मुंबईत तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत. म्हणजे ज्या बंदरातून माल आला त्या बंदराचे नाव मालाला, ही पद्धत तेव्हापासूनची. भारतीय भाषांनीही युरोपसारखेच केले. मराठीत मिरीवरून मिरची झाली. कन्नडात मेणसु म्हणजे मिरी आणि मेणसिनकायि म्हणजे मिरची, शब्दशः ‘मिऱ्याचे फळ’. तमिळमधले मिळगाय तसेच. पुढे पाहुणीने घर इतके व्यापले की मूळ मालकिणीला विशेषण लावून घ्यावे लागले. कन्नडात ती करिमेणसु झाली, हिंदीत काली मिर्च. मराठीने मिरी आणि मिरची असे दोन शब्द निदान वेगळे ठेवले, तरी तोंडात ‘काळी मिरी’च येते, जणू दुसऱ्या रंगाची मिरीच आपल्या स्वयंपाकघरात नेहमीची होती.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. १७७६ मध्ये निकोलाउस फॉन जाकँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने मिरचीच्या एका जातीला ‘कॅप्सिकम चायनेन्स’ असे नाव दिले, कारण ती चीनमधून आली असा त्याचा समज होता. जात अमेरिकेतलीच होती. पण वनस्पतिशास्त्राच्या नियमांनुसार आधी दिलेले नाव चुकीच्या समजावर उभे असले तरी टिकते. जगातल्या अतितिखट मिरच्या बहुतेक याच ‘चिनी’ जातीतल्या आहेत. खोटा पत्ता लावलेले हे पाकीट अडीचशे वर्षे पोचते आहे.

अतितिखट मिरच्यांच्या आधुनिक भांडणाची सुरुवात यशवंतपूरपासून फार लांब झाली नाही. यशवंतपूरहून थोड्याच अंतरावर सदाशिवनगरात रामन संशोधन संस्थेचे आवार आहे. ‘करंट सायन्स’ हे नियतकालिक तिथूनच निघते. त्याच्या ऑगस्ट २००० च्या अंकात संरक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांचे एक छोटे टिपण छापले गेले. तेजपूरच्या ‘नागाहरी’ नावाच्या मिरचीचा तिखटपणा त्यांनी ८,५५,००० स्कोव्हिल मोजला होता. तोवर विक्रम अमेरिकेतल्या ‘रेड सॅव्हिना’ या मिरचीच्या नावावर होता, ५,७७,००० चा. दोन पानांच्या त्या टिपणाने जगभर खळबळ उडवली, आणि अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

स्कोव्हिल हे मोजमाप १९१२ चे. विल्बर स्कोव्हिल हा अमेरिकी औषधनिर्माता मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जाई. चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत किती पट पाणी लागले, तो आकडा. माणसाच्या जिभेवर चालणारी ही पद्धत आता मागे पडली आहे. हल्ली यंत्राने कॅप्सेसिन मोजतात आणि त्याचे रूपांतर जुन्या एककात करतात. पण यंत्र अचूक असले तरी मिरची अचूक नसते. एकाच वाणाचे तिखट माती, पाणी, ऊन, तोडणीची वेळ यांनुसार बदलते. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातल्या पॉल बॉसलंड यांनी आसामकडची हीच मिरची स्वतःच्या शेतात लावून पाहिली. तिचे माप १०,०१,३०४ आले आणि २००७ मध्ये गिनीज बुकाने ते मान्य केले. त्या प्रयोगात त्यांनी रेड सॅव्हिनाही शेजारी लावली होती. जाहिरातीत ५,७७,००० असणारी ती विजेती तिथे २,४८,५५६ वर थांबली, आणि साधी नारिंगी हाबानेरो ३,५७,७२९ घेऊन तिच्या पुढे गेली.

या निकालातून मला एक साधी गोष्ट कळते. शेत, हंगाम आणि किती झाडे मोजली हे सांगितल्याशिवाय विक्रमाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. २०१२ मध्ये त्रिनिदादच्या मोरुगा स्कॉर्पियनचे सरासरी माप बारा लाखांच्या वर आले, काही सुटी झाडे वीस लाखांच्या पुढे गेली. लोकांच्या लक्षात कोणता आकडा राहिला असेल ते सांगायला नको. ‘पेपर एक्स’ ही मिरची अनेक वर्षे एकतीस लाख ऐंशी हजारांच्या दाव्यावर गाजत होती, तिचे सॉस बाजारात होते. २०२३ मध्ये गिनीजने मान्य केलेले माप २६,९३,००० निघाले. तोही विक्रमच, पण मधले पाच लाख केवळ बोलण्यातले होते.

नावाचे भांडण आकड्याहून गुंतागुंतीचे. तेजपूरच्या टिपणात मिरचीची जात कॅप्सिकम फ्रूटेसेन्स सांगितली होती. बॉसलंड यांना ती चायनेन्स वाटली, फ्रूटेसेन्सचा थोडा अंश मिसळलेली. बाजाराने त्यांचा वाद ऐकला नाही. त्याने ‘भूत’ उचलले. आसामीत जोलोकिया म्हणजे नुसती मिरची, तेव्हा ‘भूत जोलोकिया मिरची’ म्हणणे म्हणजे मिरची मिरची म्हणणे. त्यातले ‘भूत’ हे खरोखरचे भूत की भूतानकडचे ‘भोट’, याची दोन्ही स्पष्टीकरणे दिली जातात. इंग्रजीने पहिले घेतले, कारण बाटलीवर भूत छापता येते, भोट छापता येत नाही. ‘नागा’चेही तसेच. नागा लोकांवरून आलेला शब्द परदेशी जाहिरातींत नागसापाचा झाला. इंग्लंडमध्ये बांगलादेशी दुकानातून आणलेल्या नागा मोरिचच्या बियांतून निवड करून एका शेतकरी जोडप्याने ‘डॉर्सेट नागा’ तयार केली. इकडे नागालँडने २००८ मध्ये ‘नागा मिर्चा’ला भौगोलिक मानांकन मिळवले, तर मणिपुरात तशीच मिरची उमोरोक या नावाने खाल्ली जाते. डोंगरांना राज्यांच्या सीमा कळत नाहीत, मानांकनाच्या अर्जाला त्या काढाव्या लागतात.

आता पुन्हा आपल्या पोत्याकडे. ब्याडगीचा वाद अगदी उलट्या टोकाचा आहे. तिथे तिखटपणाची शर्यत नाही, भाव रंगाला आहे. ब्याडगी तिखट कमी, लाल जास्त. तिचे दोन प्रकार: डब्बी ही बुटकी आणि फुगीर, कड्डी ही काडीसारखी लांब, सुरकुतलेली, कमी बियांची. तिच्यातून काढलेला रंगाचा अर्क खाद्यपदार्थांत जातो, सौंदर्यप्रसाधनांतही जातो. ‘काश्मिरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लालभडक पुडीत पुष्कळदा हीच असते. म्हणजे हावेरीची मिरची काश्मीरचे नाव घेते आणि गुंटूरची मिरची हावेरीचे. प्रत्येक जण वरच्या घरचे आडनाव लावतो.

२०११ मध्ये ब्याडगीला भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, तो २००३ पासून लागू झाला. त्याचा गाभा असा की ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या गुणांचे पिकले तरच ते नाव लावायचे. पण त्याच काळात संकरित वाण आले. दिसायला कड्डीसारखे, सुरकुत्याही तशाच, उत्पन्न मात्र कितीतरी जास्त, आणि पाण्याखालच्या काळ्या जमिनीत कुठेही येणारे. गुंटूरच्या भावपत्रकात ‘३५५ ब्याडगी’सारखी नावे सर्रास दिसतात. तिथे ब्याडगी हे गाव राहत नाही, वाणाचा प्रकार होते. व्यापाऱ्याची बाजू मला कळते. तो म्हणेल, रंग तोच, लांबी तीच, मग नाव तेच. संकरित बी लावणाऱ्या शेतकऱ्याचीही बाजू आहे. त्याने मेहनतीने पिकवलेला माल ज्या नावाने खपतो त्याच नावाने तो विकणार.

यात हरतो तो कुंदगोळ, गदग भागातला पावसावर अवलंबून असलेला शेतकरी. घरचे बी धरून, कमी उत्पन्न स्वीकारून जुनी डब्बी किंवा कड्डी तो लावतो. नाव सगळ्यांचे झाले की त्या नावाचा भाव सगळ्यांत वाटला जातो, आणि त्याच्या कमी उत्पन्नाची भरपाई करणारे काही उरत नाही. मग तोही संकरित बियाण्याकडे वळतो. मिरचीचे फूल स्वतःच फळ धरते, पण मधमाश्या शेजारच्या शेतातला परागही आणतात. चार बाजूंना संकरित लागवड असली की घरचे बी शुद्ध ठेवणेही अवघड. नाव पसरते आणि ज्या रोपावरून ते आले ते रोप विरळ होत जाते.

या नावावर किती संसार उभे आहेत हे ११ मार्च २०२४ रोजी दिसले. भाव कोसळल्यावर ब्याडगीच्या बाजार समितीत शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, कार्यालयावर हल्ला झाला, वाहने जाळली गेली. त्यांत आंध्रातून माल घेऊन आलेले शेतकरीही होते. खोटी ब्याडगी आणणारे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे. पण शेकडो किलोमीटरवरून माल त्या गावात आणावा लागतो, कारण त्या गावच्या बाजारात तो ‘ब्याडगी’ ठरतो. नावाचे ओझे तेही वाहतात.

मराठी मुलखात आपण यापेक्षा शहाणे आहोत असे नाही. संकेश्वर हे बेळगाव जिल्ह्यातले गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, पण संकेश्वरी मिरचीचा बाजार गडहिंग्लजला भरत राहिला. मिरचीने सीमा मानली नाही, लागवड मात्र घटत गेली. कोल्हापूरची लवंगी तर म्हणीतच गेली आहे. लवंगी म्हणजे लवंगेसारखी बारीक, हे आकाराचे वर्णन. आज त्या नावाने मिळणारी मिरची अनेकदा आंध्रातली तेजा असते. आणि बंगळुरूच्या हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ म्हणजे यादीतली सर्वांत जहाल भाजी. कोल्हापूरच्या घरची चटणी जिने पाहिली आहे तिला हे हसू आणील. तिथे ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि थोडी लवंगी झणझणीतपणाला, असा हिशेब असतो. प्रमाण घराघरांत वेगळे. शहराच्या नावाने विकला जातो तो या हिशेबातला फक्त शेवटचा आकडा.

म्हणून मला वाटते, अतितिखट मिरच्यांचे जागतिक भांडण आणि आपल्या पोत्यांचे भांडण एकच आहे. दोन्हीकडे अनेक गुणांच्या फळातून एक गुण वेगळा काढला जातो, तिकडे तिखट, इकडे रंग. त्या गुणाला नाव चिकटते, आणि मग तो गुण ज्याच्यात असेल त्याला ते नाव मिळते. वास, चव, टिकाऊपणा, पाण्याशिवाय तग धरणे, हे नावाबाहेर पडते. जे नावात नाही त्याला भाव नाही, आणि भाव नाही ते पेरले जात नाही.

मानांकनाचा कायदा याला पुरा पडणार नाही. तो जागा सांगतो, बी सांगतोच असे नाही. पण गिऱ्हाईक दोन शब्द जास्त बोलू शकते. ‘ब्याडगी द्या’ म्हणण्याऐवजी ‘कुठल्या शेतातली, घरच्या बियाण्याची की संकरित?’ असे विचारले तर दुकानदार आधी हसतो. पण डब्बी कुंदगोळकडची आहे हे त्याला ठाऊक असते, आणि विचारणारे भेटले की तो ती वेगळी ठेवतो. तिचा भाव जास्त असतो. तो द्यावा लागतो.