सिंधूचा अबोल शोक

बालाघाटच्या मराठी वाचकाने ‘एकच प्याला’ हे नाटक दूरच्या पुण्या-मुंबईचे समजण्याचे कारण नाही. राम गणेश गडकरी यांनी देह ठेवला तो नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे, २३ जानेवारी १९१९ रोजी. आणि १९५६ पर्यंत नागपूर व बालाघाट हे जिल्हे एकाच प्रांतात होते. क्षयाने त्यांना नेले, तेव्हा वय अवघे तेहतीस. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. आदल्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली होती आणि मध्यप्रांताला तिची झळ फार मोठी लागली होती. नाटकाला येणाऱ्या कित्येकांच्या घरचे दुःख अजून ओलेच असणार.

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये शोकाला मोकळी वाट आहे. ज्युलिएट मेली असे समजून आई, बाप, दाई आणि नियोजित वर एकामागून एक आक्रोश करतात. लग्नाची फुले प्रेतासाठी वळविली जातात. खरे तर ती जिवंत आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे तो विलाप काहीसा पोकळ ऐकू येतो, आणि तसा तो यावा अशीच नाटककाराची इच्छा असावी. खरा घाव पुढे आहे. मुलाच्या हद्दपारीने रोमिओची आई झुरून मरते, ही वार्ता दोन ओळींत उरकली जाते. शेवटी दोन्ही बाप हात मिळवितात. सामायिक शोकाने वैर संपते.

गडकऱ्यांच्या सिंधूला ही मुभा नाही. दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्हे मूल दगावते, ती स्वतः मरणोन्मुख होते. आणि अशा वेळी फौजदारापुढे तिला नवऱ्याला वाचविणारी जबानी द्यायची असते. मुलासाठी हंबरडा फोडला तर जबानी खोटी ठरेल. भाऊ पद्माकर याचा शोक न्याय मागतो, बहिणीचा शोक तोच न्याय अडवितो. एकाच घरातले हे दोन शोक एकमेकांसमोर उभे ठाकतात. या जबानीत पातिव्रत्याचा अतिरेक दिसतो, हा आक्षेप खोटा नाही. पण सिंधूला केवळ आदर्श पतिव्रता मानून थांबणाऱ्यांना तिच्यातली आई दिसत नाही. पुढे सुधाकर विष घेतो तेव्हा तिने वाचविलेलेही हातचे जाते.

ही सिंधू रंगविली बालगंधर्वांनी. भरजरी शालूंसाठी गाजलेला हा नट या भूमिकेत जुनेर नेसून उभा राहिला. पोटच्या मुलाचा शोक आवरून धरणे त्यांना परके नव्हते. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची मुलगी वारली होती. प्रयोग रद्द झाला नाही. त्या रात्री ते भामिनी म्हणून रंगमंचावर आले आणि गायले.